काम आमच्या हातचं, नाव दुसऱ्याचं : बांधकाम आणि ग्रामविकास मंत्र्यांना एका तालुक्यातून खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री,
मा. ग्रामविकास मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : गावातली छोटी कामं एका मोठ्या निविदेत बांधणं थांबवण्याबाबत, थकलेल्या बिलांबाबत आणि पेटी ठेकेदाराला, म्हणजे दुसऱ्याच्या नावावरचं काम करणाऱ्या पोटठेकेदाराला, कागदावर आणण्याबाबत.

साहेब,

या महिन्यात आमच्या तालुक्यात एक निविदा निघाली आहे. तिच्यात एक डांबरी रस्ता आहे, दोन नाल्यांवरचे रपटे (ठेंगणे पूल), तीन गावांतले सिमेंट रस्ते, जिल्हा परिषद शाळेची एक वर्गखोली आणि एका स्मशानभूमीचं शेड आहे. आठ कामं, आठ ठिकाणं. त्यांचा एकमेकांशी संबंध एवढाच, की ती एका तालुक्यात येतात. आजवर अशी कामं सुटी निघायची. आता ती एकत्र बांधली आहेत आणि अटी घातल्या आहेत : डांबर-गिट्टी गरम कालवणारा हॉट मिक्स प्लांट हवा, काँक्रीट कालवणारा बॅचिंग प्लांट हवा आणि याच रकमेच्या आसपासचं एक काम पूर्ण केल्याचा दाखला हवा. तालुक्यातला एकही ठेकेदार यात बसत नाही. स्मशानाच्या शेडला डांबराचा प्लांट कशाला लागतो, असं विचारायला मी कार्यालयात गेले, तर उत्तर मिळालं, ‘मॅडम, वरूनच तसं आहे.’

म्हणून हे पत्र थेट वर लिहिते आहे. कार्यालयाचं नाव घेत नाही. तिथल्या जेई साहेबांवर, म्हणजे कनिष्ठ अभियंत्यांवर, माझा राग नाही, आणि शेजारच्या तालुक्यातले लोकही हेच सांगतात.

माझी ओळख थोडक्यात. यवतमाळच्या शासकीय तंत्रनिकेतनातून सिव्हिलचा डिप्लोमा केला. सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी केली आणि घाटंजी तालुक्यात छोटी कामं घ्यायला लागले. रपटे, नाल्या, शाळाखोल्या, पांदण रस्ते. माझ्याकडे दोन मिस्त्री कायमचे आहेत, एक मुनीम आहे, हप्त्यावरचा एक मिक्सर आणि एक जुना रोलर आहे. साइटवर बाई दिसली की लोक अजूनही ‘ठेकेदार कुठी हाये?’ असं विचारतात. त्याची सवय झाली. वाचणाऱ्याला वाटेल, ही बाई आपल्या धंद्यासाठी भांडते आहे. बरोबर आहे, धंद्यासाठीच भांडते आहे. पण या धंद्यात माझ्यासारखे हजारो आहेत, आणि गावात पावसाळ्यात रपटा टिकतो की वाहून जातो, हे त्यांच्या हातावर ठरतं.

आपल्या देशात शेतीनंतर सर्वांत जास्त हातांना काम देणारा धंदा बांधकामाचा आहे. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात भांडवली खर्चासाठी ११.२१ लाख कोटी रुपये ठेवले. त्यातला मोठा भाग रस्ते आणि रेल्वेचा. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा झाला. पवनार ते पत्रादेवी हा ८०० किलोमीटरहून लांब शक्तिपीठ महामार्ग आमच्या जिल्ह्यातून न्यायचं चाललं आहे. पैसा नाही, असं कोणी म्हणू शकत नाही. पण हा धंदा आतून कसा रचला आहे ते पाहा. वर मोजक्या मोठ्या कंपन्या. खाली असंख्य लहान माणसं, ज्यांच्याकडे एक जेसीबी, दोन टिप्पर किंवा माझ्यासारखा एक मिक्सर असतो. मधला थर, म्हणजे तालुक्यात राहून दरवर्षी थोडं मोठं काम घेत वर चढणारा ठेकेदार, दिवसेंदिवस पातळ होत चालला आहे. मधल्या पायऱ्या काढून टाकल्यावर खालचा माणूस वर चढणार कसा? मग तो वरच्याचं काम पेटीवर घेतो. निविदा एकाच्या नावावर, काम दुसऱ्याच्या अंगावर.

विदर्भात हे जास्त टोचतं, कारण बांधकामाला लागणारं जवळजवळ सगळं इथेच आहे. सिमेंट गडचांदूर, आवारपूर आणि मुकुटबनचं. राख चंद्रपूर आणि कोराडीची. रेती वैनगंगा, वर्धा आणि पैनगंगेची. गिट्टी आमच्याच टेकड्या फोडून निघते. मजूर मेळघाटातला, गडचिरोलीतला किंवा आमच्याच गावातला. विदर्भाचा अनुशेष मोजायला १९८३ मध्ये दांडेकर समिती बसली, पुढे केळकर समिती आली. रस्ते किती किलोमीटर कमी, सिंचन किती हेक्टर कमी, हे मोजलं गेलं आणि ते मोजायलाच हवं होतं. पण रस्ता झाल्यावर त्या पैशातून कोणाच्या घरी यंत्र आलं, कोणाची पत वाढली, हे कोणी मोजलं नाही. रस्ता आमच्या गावात आणि नफा दुसऱ्या शहरात, अशाने अनुशेष कागदावर भरून निघेल, तालुका मात्र होता तिथेच राहील.

आता तक्रारी सांगते.

पहिली तक्रार या एकत्र बांधलेल्या निविदांची. खात्याची बाजू मला माहीत आहे. आठ निविदांपेक्षा एक सोपी, कागद कमी, जबाबदार माणूस एक, यंत्रं चांगली, आणि मोठा ठेकेदार दर खाली आणतो. यातलं कागद कमी होतात एवढं मला पटतं. बाकीचं प्रत्यक्ष साइटवर पाहावं. एकत्रित काम घेणारा आधी डांबरी रस्ता उरकतो, कारण त्याचा पेव्हर आणि रोलर तिथे चालतात आणि बिल त्याच कामाचं मोठं निघतं. रपटा, वर्गखोली आणि शेड ही त्याच्या दृष्टीने किरकोळ कामं. ती मागे पडतात. नाहीतर गावातल्याच कोणाला तरी पेटीवर देऊन तो मोकळा होतो. म्हणजे शेवटी रपटा मीच बांधते. फक्त तेव्हा माझ्या हातात कार्यादेश नसतो, एक फोन असतो.

याच तक्रारीतला पुढचा मुद्दा स्पर्धेचा. आठ निविदा सुट्या निघाल्या तर प्रत्येकीला तालुक्यातले पाच-सात जण भरतात, कारण तेवढं भांडवल त्यांच्याकडे असतं. एक मोठी निघाली की भरणारे तीन, आणि त्यातले दोन सपोर्टचे. सपोर्टचं टेंडर म्हणजे दुसऱ्याला जिंकवण्यासाठी नुसतं नावाला भरलेलं, हे बांधकाम खात्यात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. संगनमत करून निविदा भरायला २००२ च्या स्पर्धा कायद्यानेच बंदी आहे. पण स्पर्धक उरूच नयेत अशी अट सरकारनेच घातली, तर संगनमताचीही फार गरज पडत नाही.

प्लांटच्या अटीवर थोडं थांबते, कारण खरी गोम तिथे आहे. डांबरी रस्त्याच्या निविदेत हॉट मिक्स प्लांट कामापासून अमुक किलोमीटरच्या आत हवा, असं लिहितात. कारण बरोबरच आहे, डांबरमिश्रित गिट्टी गरम असतानाच पसरावी लागते. प्लांट स्वतःचा नसेल तर प्लांटवाल्याशी केलेला करार किंवा त्याचं पत्र चालतं. पण जिल्ह्यात प्लांट किती आणि ते कोणाचे? जो स्वतः मोठी कामं घेतो, त्याचाच प्लांट. त्याने पत्र दिलं नाही तर मी निविदा भरूच शकत नाही. तो नाही म्हणत नाही. ‘पाहू, उद्या या,’ म्हणतो, आणि मुदत संपून जाते. म्हणजे निविदा कोणी भरायची, हे सरकारच्या आधी प्लांटवाला ठरवतो. काही ठिकाणी याच्या जोडीला स्थळपाहणीचा दाखला असतो. साइट पाहिल्याची अभियंत्याची सही हवी, आणि ती सही देणारे साहेब नेमके त्या आठवड्यात दौऱ्यावर असतात. ई-निविदा आल्यावर आम्हाला वाटलं होतं, आता कोण भरतो हे कोणाला कळणार नाही. प्लांटच्या पत्रामुळे आणि पाहणीच्या दाखल्यामुळे ते आधीच सगळ्यांना कळतं.

मग दर खाली जातात, म्हणजे बिलो. बी-१ नावाच्या निविदेत अंदाजपत्रकापेक्षा किती टक्के कमी किंवा जास्त, एवढंच भरायचं असतं. वीस-पंचवीस टक्के बिलो भरलेलं पाहिलं की वर्तमानपत्रं लिहितात, सरकारचे पैसे वाचले. हिशेब मांडून पाहू. जीएसटी बाजूला ठेवा आणि उदाहरणापुरतं शंभर रुपयांचं काम घ्या. दरसूचीत ठेकेदाराचा नफा साधारण दहा टक्के धरलेला असतो, म्हणजे सरकारच्याच हिशेबाने त्या कामाला नव्वद रुपयांच्या आसपास खरा खर्च आहे. वीस टक्के बिलोने निविदा गेली ऐंशीला. मूळ ठेकेदाराने आपले दहा ठेवले आणि काम सत्तरला पेटीवर दिलं. मधे आणखी एक माणूस असला तर त्याचे तीन, उरले सदुसष्ट. नव्वदचं काम सदुसष्टमध्ये करायचं. मधले तेवीस रुपये कुठून येतात? थोडे मजुरीतून येतात. थोडे सळईच्या अंतरातून आणि सिमेंटच्या पोत्यांतून. थोडे मुरमाच्या थरातून, जो काळ्या मातीवर अंगठाभर कमी पडला की दुसऱ्याच पावसाळ्यात रस्ता लाटांसारखा होतो. आणि जो पेटीवाला प्रामाणिक असेल, त्याच्या स्वतःच्या घरातून. आमच्या धंद्यात वाईट काम करणारे छोटे ठेकेदार खूप आहेत, ते मी नाकारत नाही. पण सदुसष्ट रुपयांत चांगलं काम कोणीच करू शकत नाही, मग तो छोटा असो की मोठा.

फार बिलो गेलं तर अतिरिक्त सुरक्षा ठेव घेता, ही सोय खात्याने केली आहे, मान्य. पण ती ठेव मोठ्याला बँक गॅरंटीवर सहज जमते, त्याची गॅरंटीची मर्यादा बँकेत आधीच मंजूर असते. माझ्यासारखीकडून बँक गॅरंटीच्या रकमेएवढी मुदतठेव मागते. ज्याला आवर घालायचा त्याला ही अट हलकी जाते आणि ज्याला वाढू द्यायचं त्याला जड.

गावातल्या ठेकेदाराकडे काय असतं, जे मोठ्या यंत्राकडे नसतं, तेही सांगते. नाल्याचं पाणी गेल्या मोठ्या पुरात कुठवर आलं होतं, हे त्याला म्हाताऱ्या माणसांकडून माहीत असतं. दिवाळीनंतर कापूस वेचणी सुरू झाली की मजूर बांधकामावर येत नाही, हे त्याला ठाऊक असतं, म्हणून तो खोदकाम आधी उरकून ठेवतो. काळी माती किती खोल काढली की मुरूम लागतो, हे त्याला शेजारच्या शेतातल्या विहिरीवरून कळतं. आणि वर्गखोलीचा स्लॅब गळला तर सरपंच त्याला बाजारात गाठतो. दोषदायित्वाचा, म्हणजे बिघाड ठेकेदाराने दुरुस्त करून देण्याचा, कालावधी करारात लिहिलेला असतो, पण मूळ ठेकेदाराचं ऑफिस दोनशे किलोमीटरवर असलं तर मुख्याध्यापिका कोणाला फोन लावणार? ती मलाच लावते. मी जाते आणि स्लॅब दुरुस्त करून देते, कारण मला त्याच गावात राहायचं आहे. त्या दुरुस्तीचे पैसे मात्र मला कोणी देत नाही.

मोठं काम मोठ्या माणसाला दिलं की वेळेत होतं, असंही नाही. आमच्याच विदर्भातल्या गोसेखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ ची, मूळ अंदाज ३७२ कोटींचा. पुढचं सगळं महाराष्ट्राला पाठ आहे. मोठी धरणं आणि महामार्ग मोठ्या कंपन्यांनीच बांधावेत, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण स्मशानाचं शेड आणि महामार्ग यांना एकच तराजू लावू नये.

दुसरी मोठी तक्रार बिलांची. कामं मंजूर होतात आणि कार्यादेश निघतात. जेई साहेब येऊन एमबी, म्हणजे कामाची मोजमाप वही, भरतात, डेप्युटी साहेब (उपअभियंता) तपासतात. पुढे बिल विभागात जातं आणि तिथेच बसतं. अर्थसंकल्पातल्या ज्या हेडमधून, म्हणजे लेखाशीर्षातून, पैसा येतो ते पंचवीस-पंधराचं असो, तीस-चोपनचं असो की पन्नास-चोपनचं, उत्तर एकच : हेडवर निधी नाही. निधी येतो तो अधिवेशनात पुरवणी मागण्या मंजूर झाल्यावर किंवा मार्च एंडला, आणि तोही मागणीच्या एखाद्या हिश्शाएवढा. मग तो कोणाला आधी द्यायचा, यावर कार्यालयाच्या व्हरांड्यात आम्ही सगळे उभे. राज्यातल्या कंत्राटदार संघटनांनी २०२५ च्या सुरुवातीला थकबाकीचा आकडा ८९ हजार कोटी रुपये सांगितला आणि कामं बंद करण्याचा इशारा दिला. आकड्यावर वाद घाला, पण व्हरांड्यातल्या गर्दीवर वाद घालता येणार नाही. माझंही एक बिल एका सरकारी खात्यात पडून आहे. त्या सिमेंट रस्त्यावरून गावाच्या पोळा सणाची मिरवणूक दोनदा गेली.

आणि हे पैसे अडकलेले असताना आमच्याकडून काय काय वसूल होतं? आम्ही बिल दिलं की जीएसटी भरायची तारीख लागते, पैसे आले असोत वा नसोत. सरकारी कामांवरचा जीएसटी जुलै २०२२ मध्ये १२ वरून १८ टक्के झाला. बिलातून प्राप्तिकराचा टीडीएस कापतात, जीएसटीचा दोन टक्के टीडीएस कापतात, कामगार कल्याणाचा एक टक्का उपकर कापतात, सुरक्षा ठेव कापतात, रेती-मुरमाच्या रॉयल्टीच्या पावत्या कमी पडल्या तर तीही कापतात. कापण्याची व्यवस्था एक दिवसही थकत नाही.

यातली सगळ्यात विचित्र गोष्ट लोकांना माहीत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. लघुउद्योगांसाठी २००६ चा कायदा आहे. त्यानुसार लहान उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, नाही दिले तर बँक दराच्या तिप्पट व्याज. मी लघुउद्योग म्हणून उद्यम नोंदणी केलेली आहे. तरी हा कायदा मला उपयोगी पडत नाही, कारण बांधकामाचं कंत्राट म्हणजे निव्वळ वस्तू नाही आणि निव्वळ सेवा नाही, म्हणून ते यात बसत नाही, असे न्यायालयांचे निकाल आहेत. मुंबई उच्च न्यायालयाचेही आहेत. केंद्र सरकारची खाती आणि कंपन्या यांनी आपल्या खरेदीतला २५ टक्के वाटा लहान उद्योगांकडून घ्यावा, असं धोरण आहे. तेही वस्तू आणि सेवांपुरतं, बांधकामाला नाही. पण मी क्रशरवाल्याकडून गिट्टी उधार घेतली, आणि तो लघुउद्योजक असला, तर त्याचे पैसे ठरल्या मुदतीत, फार तर ४५ दिवसांत दिले नाहीत तर तो खर्च प्राप्तिकरात पैसे प्रत्यक्ष देईन त्याच वर्षी धरतात. ही दुरुस्ती २०२३ ची. म्हणजे सरकार माझं देणं दोन वर्षं ठेवू शकतं, मी क्रशरवाल्याचं दोन महिने ठेवू शकत नाही. क्रशरवाल्याला संरक्षण मिळालं याचा मला आनंदच आहे. मधे उभी असलेली मीच तेवढी कोणाच्या हिशेबात नाही.

तिसरी तक्रार पेटीची. जुलै २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या एका तरुण ठेकेदाराने जीवन संपवलं. जलजीवन मिशनचं काम त्याने केलं होतं, पैसे थकले होते, असं घरच्यांचं म्हणणं. सरकारकडून उत्तर आलं, की त्याच्या नावावर शासनाकडे कोणतंही बिल थकीत नाही, त्याने पोटकंत्राटावर काम केलं असावं. त्या घराबद्दल मी इथे आणखी काही लिहिणार नाही. पण त्या उत्तरातच हा सगळा धंदा आला आहे. काम झालं, पाइप पुरला, टाकी उभी राहिली, आणि ज्याने ते केलं तो शासनाच्या वहीत नाहीच.

आमच्या भागातल्या एका वयस्क मिस्त्रीने मला पहिल्याच वर्षी बजावलं होतं, ‘बाई, कागदावर नाव नसन तं पैसे मांगाले जाता कोनाकडे?’ तेव्हा मी हसले होते. पेटीवर काम देताना करार होत नाही. झालाच तर साध्या कागदावर, तोही मूळ ठेकेदाराच्या खिशात. पैसे आले की देतो, ही एकच अट. त्याला बिल मिळालं की नाही, हे मला कळायला मार्ग नाही. अनुभवाचा दाखलाही त्याच्याच नावाने निघतो. मी दहा रपटे बांधले तरी पुढच्या निविदेला लागणाऱ्या ‘समान कामाचा अनुभव’ या रकान्यात माझ्याकडे काही नसतं, त्याच्याकडे दहा रपटे असतात. बैल आमचे आणि कासरा त्याच्या हातात. त्यामुळे मोठा आणखी मोठा होतो, आणि पुढच्या वर्षी अट आणखी वर जाते.

मजुरांचं तर विचारूच नका. बिलातून उपकर कापला जातो तो इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळासाठी. मंडळात नोंद करायला वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. पेटीवरच्या मजुराला तो कोणी द्यायचा? मूळ ठेकेदार म्हणतो, हा माझा मजूर नाही. पेटीवाल्याच्या सहीला किंमत नाही. ज्याच्या घामावर उपकर कापला, तो बाहेर राहतो. दाखला विकत घेणारे आत जातात आणि भांड्यांचा संच घेऊन येतात.

विनानिविदा कामांत ३३ टक्के बेरोजगार अभियंत्यांना, ३३ टक्के मजूर सहकारी संस्थांना आणि ३४ टक्के खुल्या ठेकेदारांना, ही वाटणी या राज्याने वर्षानुवर्षं चालवली. हेतू चांगला होता आणि माझी सुरुवात त्याच दारातून झाली. आज त्या मजूर संस्थांत खरे मजूर किती, हे तालुक्यातल्या कोणत्याही चहाच्या टपरीवर कळेल. पण दार अजून आहे. ते बुजवून सगळं एका गठ्ठ्यात बांधायचं चाललं आहे, त्याला माझा विरोध आहे.

आता मागण्या. एकही मागणी फुकट कंत्राटाची नाही.

वेगवेगळ्या गावांतली, वेगवेगळ्या प्रकारची कामं एका निविदेत बांधू नयेत. एकाच रस्त्याचे सलग तुकडे जोडले तर माझी हरकत नाही. बांधायचीच असतील तर का, हे अधीक्षक अभियंत्यांनी लेखी लिहावं आणि ते निविदेसोबत संकेतस्थळावर टाकावं.

प्लांटचं पत्र निविदा भरताना मागू नये. काम मिळाल्यावर, कार्यादेशाच्या आधी मागावं. आणि जो प्लांट सरकारी कामांचा माल बनवतो, त्याने दर जाहीर करून मागेल त्याला त्याच दराने माल द्यावा. स्थळपाहणीचा दाखला रद्द करावा. साइट न पाहता कोणी निविदा भरली तर नुकसान त्याचं.

बिलांच्या बाबतीत नवीन काही शोधायची गरज नाही. केंद्राच्या वित्त मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये खरेदी आणि प्रकल्पांबद्दल सर्वसाधारण सूचना काढल्या. त्यात म्हटलं आहे, की चालू बिलाची किमान ७५ टक्के रक्कम बिल सादर झाल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत द्यावी आणि उरलेली तपासणी करून २८ कामकाजाच्या दिवसांत. हाच नियम राज्याने आपल्या सगळ्या खात्यांना आणि जिल्हा परिषदांना लावावा. उशीर झाला तर व्याज द्यावं. आणि अर्थसंकल्पात तरतूद नसलेल्या कामाचा कार्यादेश काढूच नये. भूमिपूजन पुढे गेलं तर काही बिघडत नाही, आमच्या घरचे हप्ते पुढे जात नाहीत.

जी बिलं आज थकली आहेत, त्यांची यादी प्रत्येक विभागाने हेडनिहाय आणि तारखेनिहाय लावावी. जुन्या बिलाला आधी पैसा. व्हरांड्यातली गर्दी एका यादीने निम्मी होईल.

पेटीचं काम बंद करा असं मी म्हणत नाही, ते होणार नाही हे आपल्यालाही माहीत आहे. पण ते कागदावर आणा. पोटठेकेदाराचं नाव, करार आणि रक्कम विभागाकडे नोंदवलेली असावी. मागच्या बिलातले त्याचे पैसे त्याच्या खात्यात गेल्याचा पुरावा दिल्याशिवाय मूळ ठेकेदाराचं पुढचं बिल निघू नये. केलेल्या कामाचा अनुभवाचा दाखला त्याला मिळावा आणि त्याच्याकडच्या मजुरांची हजेरी मंडळाच्या नोंदणीसाठी ग्राह्य धरावी. विनापरवानगी पोटकंत्राटांवर राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणही आता कडक व्हायला लागलं आहे, तेव्हा हे अशक्य आहे असं कोणी म्हणू नये.

शक्तिपीठ महामार्गाचं काम कधी सुरू होईल ते होवो. त्याच्या निविदा काढताना सेवा रस्ते, नाल्या, भिंती, झाडं लावणं अशी सुटी करता येण्यासारखी कामं त्या त्या तालुक्यात नोंदणी असलेल्या ठेकेदारांसाठी वेगळी ठेवावीत. ती पुन्हा आमच्याकडे पेटीवर येणारच आहेत. सरळ आली तर सरकारलाही स्वस्त पडतील, कारण मधले दहा टक्के वाचतील.

आणि सगळ्यात आधी, पत्राच्या सुरुवातीला सांगितलेली निविदा. तिची मुदत अजून संपलेली नाही. ती मागे घेऊन आठही कामं सुटी काढावीत. सुटी निघाली तर मी शाळेच्या खोलीची आणि एका रपट्याची निविदा भरणार आहे. बाकीच्या सहांसाठी तालुक्यात माणसं आहेत. मला मिळेलच असं नाही, आणि दुसऱ्या कोणाला रीतसर मिळालं तर मी तक्रार करणार नाही.

निविदा, तिच्या अटी आणि कार्यालयाशी झालेला माझा पत्रव्यवहार यांच्या प्रती दोन्ही खात्यांच्या पत्त्यावर नोंदणीकृत टपालाने वेगळ्या पाठवल्या आहेत. उत्तर लेखी द्यावं, फोनवर नको.

आपली,
एक नोंदणीकृत ठेकेदार,
तालुका घाटंजी, जिल्हा यवतमाळ

ता. क. : आमदारसाहेबांनाही हे पत्र दिलं आहे. त्यांनी ‘बघतो’ म्हटलं आहे.